लोकसहभागाने आरोग्यातली दरी खरंच कमी होते का?

प्रश्न एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आहे. त्या आदिवासीबहुल तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाव आरोग्य समितीच्या बैठका नियमित होतात, सह्या होतात, अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचा पैसा, खर्ची पडतो, पण दगावणारी बाळं दरवर्षी त्याच दोन-तीन पाड्यांतली असतात. लोकसहभागाने गरिबातल्या गरिबाचं आरोग्य सुधारतं हे जगात कुठे सिद्ध झालंय का, की परिषदांमध्ये बोलायची ती भाषा आहे? आणि सिद्ध झालं असेल, तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर नेमकं काय करायचं?

मी आशाताई, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक आणि गाव समित्या यांच्या प्रशिक्षणात बरीच वर्षं आहे, त्यामुळे या प्रश्नामागची तगमग मला कळते.

डॉक्टर, सिद्ध झालंय. मात्र ज्या सहभागाने झालंय तो तुमच्या इतिवृत्ताच्या रजिस्टरमधला सहभाग नव्हे. माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण झारखंड-ओडिशातलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पश्चिम सिंहभूम, सरायकेला-खरसावां आणि केंदुझर या तीन जिल्ह्यांत 2005 ते 2008 या काळात 'एकजुट' या संस्थेने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांबरोबर एक मोठा प्रयोग केला. गावांचे 36 समूह, त्यातले निम्मे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडलेले. निवडलेल्या गावांत बायकांचे गट, महिन्याला एक बैठक. बैठक चालवणारी बाई त्याच भागातली. ती नर्स नव्हती, डॉक्टर तर नव्हतीच. तिच्याकडे औषधांची पेटी नव्हती, चित्रांची कार्डं आणि गोष्टी होत्या. गोष्टीत एक बाळ दगावतं. मग बायका विचारतात, का दगावलं? ताप आला म्हणून. ताप का आला? नाळ अस्वच्छ ब्लेडने कापली. का? घरात दुसरं काही नव्हतं. का नव्हतं? नवरा कामाला बाहेरगावी, सासू म्हणाली आमच्या वेळी असंच व्हायचं. असं पाच-सहा वेळा 'का' विचारत गेलं की आजाराच्या खाली दडलेली गरिबी, पाणी, रस्ता, घरातला मान, सगळं वर येतं. मग बायकाच ठरवतात की यातलं आपल्या हातात काय आहे. वीस बैठकांचं चक्र होतं ते.

तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 32 टक्क्यांनी कमी झाले. शेवटच्या दोन वर्षांत 45 टक्क्यांनी. या काळात दवाखान्यात जाण्याचं प्रमाण फारसं बदललं नव्हतं. बदलले ते घरातले व्यवहार: सुईण हात धुऊ लागली, नाळ बांधायचा दोरा उकळला जाऊ लागला, पहिले सहा आठवडे फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या प्रश्नाशी थेट भिडतात. पहिली अशी की आरोग्य समित्या दोन्ही बाजूंच्या गावांत स्थापन केल्या होत्या, जिथे मृत्यू घटले तिथेही आणि जिथे घटले नाहीत तिथेही. म्हणजे फरक समितीने पडला नाही, बायकांच्या गटांनी पडला. दुसरी गोष्ट 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातली आहे. जमीन नाही, शिक्षण नाही, अनुसूचित जाती-जमातीतली, अशा सर्वांत तळातल्या घरांमध्ये शेवटच्या दोन वर्षांत मृत्यू 59 टक्क्यांनी घटले होते. त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीतल्या घरांत 36 टक्क्यांनी. सार्वजनिक आरोग्यात असं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा उलटं होतं.

उलटं का होतं, हे वेल्समधल्या एका खाणगावात प्रॅक्टिस करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने 1971 मध्येच लिहून ठेवलंय. जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त तिथे ती सर्वांत कमी मिळते, असा तो नियम. पुढे ब्राझीलच्या सीझर व्हिक्टोरा यांनी दाखवलं की नवी लस, नवी योजना, नवी सेवा आली की ती आधी सुस्थितीतल्या घरांत पोचते. त्यामुळे सुरुवातीला दरी वाढते, आणि वरच्यांचं सुधारायचं तेवढं सुधारून झालं की मगच खालच्यांची पाळी येते. तुमच्या भागात हे रोज दिसत असणार. 'सर्वांसाठी' म्हणून लावलेलं शिबिर मुख्य गावाचंच होतं. कुणी पाड्यावरच्यांना अडवत नाही. पण दवंडी मुख्य गावात पिटली जाते, मंडप शाळेच्या पटांगणात पडतो, आणि शिबिराच्या दिवशी नाल्यापलीकडची माणसं मजुरीवर गेलेली असतात.

आता डोसबद्दल. औषध बरोबर असलं तरी अर्ध्या मात्रेत ते काम करत नाही, तसंच सहभागाचं आहे. बांगलादेशात याच पद्धतीचा पहिला प्रयोग झाला तेव्हा साधारण 1400 लोकसंख्येमागे एक गट होता. परिणाम शून्य. नंतर तिथेच साधारण 300 लोकांमागे एक गट केला, तेव्हा नवजात मृत्यू 38 टक्क्यांनी उतरले. नेपाळ, भारत, बांगलादेश आणि मलावी इथल्या सात प्रयोगांचा एकत्र आढावा 2013 मध्ये घेतला गेला. त्यात दिसलं की जिथे गावातल्या किमान 30 टक्के गरोदर बायका गटात येत होत्या, तिथे नवजात मृत्यू एक तृतीयांशाने आणि मातामृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रामीण भागांसाठी या पद्धतीची शिफारस केली.

या हिशेबात तुमची समिती मोजून बघा. दीड-दोन हजार वस्तीच्या गावाला एक समिती, दहा-पंधरा सदस्य. त्यात सध्या गरोदर असलेल्या किती? वर्षभरात बाळंत झालेल्या किती? शेवटच्या पाड्यातल्या किती? उत्तर बहुतेक शून्य किंवा एक येईल. मग ती समिती कितीही नियमित भरली तरी बाळांचे मृत्यू तिच्या हाताबाहेरचेच राहणार.

समितीत माणसं कशी गळतात ते मी अनेक गावांत पाहिलंय. बैठक सकाळी अकराला, ग्रामपंचायत कार्यालयात. मोहफुलांचे दिवस असतील तर बायका पहाटेच रानात गेलेल्या असतात. नसतील तर रोजगार हमीच्या कामावर किंवा स्थलांतर करून वीटभट्टीवर. ज्या दोघी-तिघी येतात त्या दाराशी बसतात. खुर्च्यांवर सरपंच, पोलीस पाटील, गुरुजी. बोलणं मराठीत चालतं. दाराशी बसलेल्यांना कोरकू किंवा गोंडी जवळची. मग निधीचा विषय निघतो आणि दहा हजारांचं ठरतं काय, तर अंगणवाडीला रंग, सतरंज्या, एक कपाट. यात भ्रष्टाचार नसतो, कुणाचं वाईट चिंतलेलंही नसतं. जे समोर बसलेत त्यांना जे दिसतं तेच ठरतं.

एकदा आम्ही तीच बैठक संध्याकाळी पाड्यावर, हातपंपाशी घेतली. अजेंडा नव्हता. चित्रं मांडली आणि प्रत्येकीला खडे दिले, की ज्याने सर्वांत जास्त त्रास होतो त्या चित्रापाशी ठेवा. मला वाटलं होतं खडे ताप-हगवणीपाशी पडतील. ढीग झाला नाल्याच्या चित्रापाशी. पावसाळ्यात गाडी नाल्याच्या अलीकडे थांबते आणि कळा सुरू झालेल्या बाईला झोळीत घालून पलीकडून आणावं लागतं. आरोग्य केंद्राच्या आवारात गरोदर बायकांना शेवटचे काही दिवस राहता यावं म्हणून माहेरघर होतंच, पण ते ओस पडलेलं. का जात नाही, असं विचारल्यावर कारणं भराभर आली. धाकटी पोरं कुणाकडे ठेवायची? सोबत येणाऱ्या म्हातारीची मजुरी बुडते तिचं काय? तिथे खायला काय देतात? मुलांना घेऊन येता येतं आणि सोबतीची सोय होते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. समितीने मग त्या वर्षीच्या निधीतला काही भाग सोबत जाणाऱ्या बाईसाठी राखून ठेवला आणि जेवण रांधायचं काम पाड्यातल्याच बचत गटाला मिळालं. पावसाळ्यात खोलीत बायका राहायला लागल्या. हे मुख्य गावातल्या खुर्च्यांवर बसून कुणालाही सुचलं नसतं, मलाही नाही.

पण पाड्यावर बैठक घेतली म्हणजे झालं, असंही नाही. जागा कुठली निवडता यावर फार अवलंबून असतं. याचा धडा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडने दिलाय. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं तेव्हा सुरुवात दवाखान्यापेक्षा दुष्काळ, पाणी आणि मुलांचं जेवण यांपासून झाली, कारण लोकांची पहिली गरज ती होती. पाण्यासाठी कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या जातील असं पाहिलं गेलं. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाने त्या वस्तीत यायचं. जात मोडा असं भाषण न देता रोजचा रस्ता बदलला. आरोग्यसेविका निवडतानाही गावाने निवडलेल्या बायकांत कित्येक दलित आणि निरक्षर होत्या. एका बाळंतपणासाठी सवर्ण घराने दलित बाईला आत घ्यावं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तिने बाळ वाचवलं की मग पुढच्या घरात ती आत जायची. या कामाची दखल जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये घेतली आणि 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती मात्र कूपनलिकेच्या जागेची निवड.

मधल्या काळात, म्हणजे सप्टेंबर 1978 मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे 134 देशांनी जाहीरनामा केला. त्यात म्हटलंय की आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. हाफडान माहलर तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक होते. 'सन 2000 पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा त्यांच्याच काळातली. वर्षभरातच दुसरा विचार पुढे आला: एवढं सगळं परवडणार नाही, निवडक आजारांवर निवडक उपाय करू. वाढीचा तक्ता, क्षारसंजीवनी, स्तनपान, लसीकरण. या उपायांनी लाखो मुलं वाचली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वळणावर नियोजनातला लोकांचा वाटा गळाला. उरले 'लाभार्थी'. तुमच्या बैठकीतल्या सह्या ही त्या वळणाची आजवर चालत आलेली खूण आहे.

निवडक उपाय आणि लोकसहभाग यांचं वैर असायलाच हवं असं मात्र नाही. बांगलादेशात 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेने 1980 ते 1990 या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत बाई पाठवून हगवणीवर उपाय म्हणून चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात घालायला शिकवलं. शिकवणाऱ्या बाईचा पगार ती किती घरांत गेली यावर नव्हता. नंतर निवडक घरांत जाऊन आईला किती आठवतंय, ती द्रावण नीट करते का, हे तपासून ठरायचा. पुढे लक्षात आलं की आयांना माहीत असूनही वापर कमी होतोय, कारण पुरुषांना यातलं काही सांगितलेलंच नाही. मग बाजारात आणि मशिदीत जाऊन पुरुषांशी बोलणं सुरू झालं. लोक ऐकत नाहीत असं म्हणून ते थांबले नाहीत, आपली पद्धत बदलली. आपल्याकडे उद्दिष्ट पूर्ण झालं नाही की आशाताईला नोटीस जाते.

निर्णयाचा अधिकार कायद्याने दिला तर काय होतं, हे ब्राझीलमध्ये दिसतं. 1988 च्या घटनेने आरोग्य हा हक्क मानला आणि 1990 च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला आरोग्य परिषद बंधनकारक केली. तिच्या निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्या लोकांच्या. परिषद नसेल तर केंद्राचा पैसा येत नाही. तिथेही महापौराची माणसं परिषदेत घुसतात, गरीब वस्तीचा आवाज दबतो, ही तक्रार जुनी आहे. पण पैसा लोकांच्या मान्यतेशी बांधल्यामुळे बैठकीला वजन येतं. दुसरं म्हणजे घरोघर जाणाऱ्या सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्या तिथे पगारी आहेत. 2022 मध्ये तर घटनादुरुस्ती करून त्यांना किमान वेतनाच्या दुप्पट वेतनाची हमी दिली. आपली आशाताई अजून मानधन आणि कामाच्या मोबदल्यावर. गावातल्या सर्वांत गरीब घरातल्या बाईच्या फुकट श्रमावर उभा राहिलेला लोकसहभाग मला मान्य नाही, आणि तुम्हालाही तो मान्य नसावा अशी माझी विनंती आहे. निदान एवढं करा: तिच्या कामाचा मोबदला तुमच्या सहीसाठी अडकून पडणार नाही, आणि नेमून दिलेल्या कामापलीकडचं काम ती नाही म्हणू शकेल.

महाराष्ट्रातही अधिकाराच्या बाजूने एक चांगला प्रयत्न झालाय. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली. आधी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. पुण्याची 'साथी' संस्था त्याचा समन्वय करत होती. गावकरी स्वतः सेवेला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग देतात, तक्ता गावात लागतो, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर लोक बोलतात. बाहेरून औषधं लिहून देणं, बेकायदा पैसे घेणं, कर्मचारी मुख्यालयी न राहणं, अशा कितीतरी गोष्टींना त्याने चाप बसला.

जनसुनवाईची तुमच्या जागेवरच्या माणसाला भीती वाटते. वाटणारच, लोक चिडून बोलतात. पण एका सुनवाईत मी असं पाहिलं की तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आधीच उठून रिक्त पदांची आणि संपलेल्या औषधांची यादी वाचून दाखवली. त्यानंतर लोकांनी त्याला प्रश्न विचारणं सोडून थेट जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना विचारलं. दोन वर्षं पत्रव्यवहार करून न मिळालेली नर्स त्याला पुढच्याच महिन्यात मिळाली. औषधसाठ्याचा फलक बाहेर लावा, रोज खरा लिहा. लोकांना संपलेलं औषध माफ असतं, लपवलेलं नसतं.

आता तुम्ही काय करायचं. पहिलं काम रजिस्टरचं. गावाची आकडेवारी पाडानिहाय फोडा. समजा एका गावात 40 बालकं आहेत आणि 34 जणांचं लसीकरण पूर्ण आहे. अहवालात 85 टक्के जातं आणि कुणी काही विचारत नाही. पण राहिलेली सहाच्या सहा एकाच पाड्यातली असतील आणि त्या पाड्यात मुळात आठच बालकं असतील, तर तिथलं लसीकरण 25 टक्के आहे आणि बाकी गावाचं शंभर. असा एक तक्ता उपकेंद्राच्या भिंतीवर लावा. मासिक सभेत सरासरी विचारूच नका, सर्वांत मागचा पाडा कुठला तेवढं विचारा. सिस्टर आणि आशाताईंना हे आधीच माहीत असतं. विचारणारं कुणी नसतं.

मग त्या दोन-तीन पाड्यांतच गट सुरू करा, सगळ्या तालुक्यात नको. बैठक घेणारी बाई त्याच बोलीत बोलणारी हवी. वेळ बायका सांगतील ती. सासवांनाही बोलवा, बाळंतपणाचे निर्णय त्या घेतात. पाड्यात मृत्यू झालाच तर बालमृत्यू अन्वेषणाचा फॉर्म भरून थांबू नका. काही आठवड्यांनी, त्या घराची परवानगी घेऊन, नाव न घेता ती हकीकत गटात गोष्ट म्हणून मांडा आणि 'का' विचारत जा. त्यात तुमच्या केंद्राची चूक निघेल, गाडी उशिरा आली हेही निघेल. ते लिहून घ्या, खोडून काढू नका. एकदा का तुम्ही बचाव करायला लागलात की पुढच्या महिन्यात निम्म्या बायका येत नाहीत.

पैशाच्या बाबतीत, तुमचा भाग पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, असेल तर एक वाट आणखी आहे. राज्याच्या 2014 च्या नियमांनुसार पाड्याला स्वतःला गाव घोषित करून स्वतंत्र ग्रामसभा घेता येते, आणि 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा थेट पेसातल्या ग्रामपंचायतींकडे येतो, तो आरोग्यासाठीही वापरता येतो. ही प्रक्रिया तुम्ही चालवायची नाही, ते काम तिथल्या लोकांचं आणि संघटनांचं. पण पाड्याचा आरोग्याचा तक्ता ग्रामसभेत वाचायला तुम्ही स्वतः गेलात, तर पैसा कशावर खर्च करायचा ही चर्चा बदलते.

सरपंचांना वगळून हे करू नका. त्यांना आधी भेटा, पाडानिहाय तक्ता त्यांच्या हातात द्या आणि पाड्यावरच्या पहिल्या बैठकीला त्यांनाच बोलवा, फक्त खुर्ची ठेवू नका.

आणि वेळ लागेल. झारखंडमध्येही पहिल्या वर्षी फारसा फरक दिसला नव्हता. मृत्यू उतरले ते दुसऱ्या वर्षापासून. तुमची बदली त्याआधी होण्याची शक्यता आहे, म्हणून हे काम स्वतःच्या नावावर ठेवू नका. बैठका गटप्रवर्तक आणि आशाताईंच्या मासिक नियोजनात घाला, तक्ता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या आढाव्यात लावून घ्या, आणि चार्ज देताना नव्या डॉक्टरांना गाडीत बसवून आधी शेवटच्या पाड्यावर घेऊन जा, मग स्टोअरच्या किल्ल्या द्या.